वहिनीचा मोजा

सूजकेंद्राची सिस्टर सकाळीच दारात आली. “वनमालाबाई, तुमच्या मोज्यानं काल केंद्राला चिठ्ठी पाठवली.”

“काऊन बाप्पा? माझी सूज तर उतरली.” वनमालाने हत्तीरोगाचा पाय पुढे केला. तिचा घट्ट मोजा पायात चढवला की त्या पायाच्या मापाचा होई, आणि काही बिघडलेलं जाणवलं तर डॉक्टरची वाट न पाहता थेट केंद्राला कळवी.

“चिठ्ठीतला पाय तुमचा नाही. तरुण पाय आहे, घोट्याशी सूज नुकतीच सुरू झालीय.”

भाजी चिरणाऱ्या नणंदेचा, प्रणालीचा हात थांबला. धानाच्या रोवणीहून आल्यावर तिचा पाय ठणकायचा. वहिनी आंघोळीला गेली की ती तिचा मोजा घालून बसायची. पुढच्या महिन्यात लग्न होतं. दवाखान्यात कुणी पाहिलं तर सोयरीक मोडेल, या भीतीने ती कुणाला बोलली नव्हती.

“आता कोण करील माझ्याशी लग्न?” तिला रडू फुटलं.

“अगं, आजच उपचार सुरू केले तर सूज इथंच थांबेल,” सिस्टर म्हणाली. “लग्नात पायात जोडवी घालणाऱ्यालाही कळायचं नाही. चल, गाडी उभी आहे.”

वनमालाही शेजारी बसली. गाडी निघाल्यावर प्रणाली हळूच म्हणाली, “वहिनी, तुमचा मोजा चोरून घातला. रागावल्या का वो?”

वनमालाने तिचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. “माझ्या वेळी चोरायलाही मोजा नव्हता, पोरी.”