आक्काचा जबाब

“बाई, कुणाला भिऊ नका. शेजारच्या पुरुषाइतकाच पगार तुम्हाला मिळतो का?” सरकारी अधिकाऱ्याने विचारलं.

बुटांच्या त्या कारखान्यात शिलाई मशीनवर आक्काची एकोणीस वर्षं गेली होती. शेजारच्या मशीनवर तिचा नवराच बसायचा. काम तेच, तास तेच. पगाराचा आकडा बाहेर फोडायचा नाही, अशी मालकाची ताकीद होती. तरी एक कारागीर फुशारकीत आपला आकडा बोलून गेला आणि पलीकडच्या मशीनवरच्या चष्मेवालीचं डोकं फिरलं. बायकांना कमी पगार देणं कायद्यात बसत नाही, म्हणून तिने तक्रार ठोकली. साक्षीला तिने आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं, आक्काचं नाव दिलं.

आक्काची मोठी पंचाईत झाली. नवरा नेमका तापाने घरी पडलेला, विचारणार कुणाला? मैत्रिणीसाठी जीव तुटत होता, पण खोटं बोलायला जीभ रेटेना.

“मला आणि माझ्या नवऱ्याला सारखाच मिळतो,” ती म्हणाली. “पहिल्या महिन्यापासून.”

मालकाने पुढे केलेल्या वहीतही तसंच होतं. अधिकाऱ्याने तक्रार निकालात काढली. आठवड्याभरात चष्मेवालीला घरी बसवलं.

जबाब दिला त्याच संध्याकाळी आक्काने नवऱ्याला सगळं सांगितलं.  तो ताट बाजूला सारून कुशीवर वळला. ताप चढला असेल, असं तिला वाटलं. पुढे कधी चष्मेवालीचा विषय निघाला की तो उठून बाहेर जायचा.

तीन वर्षांनी तो गेला. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आतच सगळं आटोपलं.

चष्मेवाली भेटायला आली. आता ती चार घरची धुणीभांडी करायची, हाताला भेगा पडल्या होत्या. आक्काचा हात हातात घेऊन ती हळूच म्हणाली, की झालं ते झालं, नोकरीच्या भीतीने माणूस खोटं बोलतो, माझ्या मनात काही नाही.

“मी खोटं बोलले नव्हते गं,” आक्का म्हणाली.

हात सोडून चष्मेवाली निघून गेली.

महिनाअखेर आली. आजवर सुट्टीचा भोंगा झाला की पोरांसाठी आक्का तडक घर गाठायची आणि दोघांचा पगार नवरा घेऊन यायचा. आता पोरं मोठी झाली होती. ती पहिल्यांदाच पगाराच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहिली. पाकीट हातात पडलं, तिने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. काहीतरी घोळ झालाय, असं तिने म्हाताऱ्या कॅशियरला सांगितलं.

त्याने कुलपात ठेवलेली खरी वही काढून पाहिली. मागची पानंही चाळली. मग वही मिटली.

“घोळ नाही, आक्का. तुमचा पगार एवढाच,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “तुमचे यजमान दर महिन्याला इथंच कडेला उभे राहायचे. दोन्ही पाकिटं फोडायचे, पैसे एकत्र करायचे, आणि निम्मे निम्मे करून पुन्हा चिकटवायचे.”