जिभेखालचा पडदा

“दोन महिने झाले! मग कापलं काय तुम्ही, केस?”

इंद्रजीत डॉक्टरांच्या टेबलावर वाकून ओरडला, तशा बाहेर बसलेल्या बाया दारातून डोकावून बघू लागल्या. वाळूजच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून, डोळ्याला डोळा न लावता तो बजाजनगरहून थेट शहरातल्या या दवाखान्यात आला होता. सोबत बायको निशा आणि चार वर्षांची आम्रपाली. पोरगी अजून ‘आई’सुद्धा म्हणत नव्हती. याच डॉक्टरांनी तिची जीभ उचलून बघितली होती. जिभेखालचा पडदा आखूड आहे म्हणाले आणि तो कापला. आता घडाघडा बोलेल, असं छातीठोक सांगितलं होतं.

“जखम छान भरलीय,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “जीभ पूर्ण बाहेर येते. माझं काम मी नीट केलंय. काही मुलं उशिरा बोलतात.”

“अहो, मी काय म्हणते...” निशा मध्ये पडली.

“तू गप ग!”

गल्लीतली पोरं त्याच्या लेकीला तोंडावर मुकी म्हणायला लागली होती. आणि हा माणूस जखम भरल्याचं सांगत होता. इंद्रजीतचं डोकं सणकलं. त्यानं टेबलावरून सपकन हात फिरवला. स्टीलचा ट्रे चिमट्या-कात्र्यांसकट फरशीवर आदळला. बाहेर आईच्या मांडीवर झोपलेलं तान्हं किंचाळून उठलं. कंपाउंडर धावत आला. इंद्रजीत स्वतःही दचकला.

आम्रपाली कोपऱ्यातल्या माशांच्या काचपेटीपुढं उभी होती. सगळ्यांकडं तिची पाठ होती. एका लाल माशामागून ती काचेवर बोट फिरवत होती. ते बोट थांबलं नाही.

डॉक्टर खुर्चीतून उठले. तिच्या मागं जाऊन त्यांनी टाळी वाजवली. मग आणखी जोरात. मासा वळला, तसं बोट वळलं. पोरगी वळली नाही.

“हिचे कान कधी तपासलेत?” डॉक्टरांनी निशाकडं वळून विचारलं.

“मला विचारता व्हय?” निशा उसळली. “तुमी तपासायचे होते! जीभ बघितली न् कापून मोकळे झाले. आन् यांना सांगायला जावं, तर हे मलाच गप करतात. कुकरची शिट्टी कानाशी वाजली तरी ही वळत नाय, लई दिवस झाले सांगतेय!”

पिवळ्या फ्रॉकातल्या त्या एवढ्याशा पाठीकडं इंद्रजीत बघत राहिला.

हाकेला ओ देत नाही म्हणून कालच त्यानं त्या पाठीत धपाटा घातला होता.