पट्टा

"भैरू, सोड की गाडी! उमाजी जातोय हातातनं!" मागं बसलेला रावजी ओरडला. त्याच्या मिठीत त्याचा गाववाला उमाजी घुसमटत होता. बर्फातल्या त्या उंच चौकीवर त्याच्या छातीत पाणी भरलं होतं. त्याला न्यायला हेलिकॉप्टर खालच्या पठारावर येणार होतं.

भैरूनं बर्फावर चालणाऱ्या त्या उघड्या गाडीचं इंजिन चालू केलं होतं, पण गाडी जागेवरच धरून ठेवली होती. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारा रबरी पट्टा थंडीनं लाकडासारखा ताठरला होता. एकदम जोर दिला तर तो तुटणार, आणि चौकीत दुसरा पट्टा नव्हता.

"जरा नरम होऊ दे त्याला."

"तुझा सख्खा भाऊ असता तर थांबला असतास?"

भैरूनं आणखी थोडा वेळ इंजिन तसंच चालू ठेवलं. अखेर गाडी हलली, तीही मुंगीच्या पावलानं. जाड हातमोज्यातून जोराचा अंदाज येईना, तेव्हा त्यानं उजवा हातमोजा काढून टाकला आणि उघड्या अंगठ्यानं मुठीजवळचा वेगाचा खटका जेमतेम दाबत राहिला. पठाराआधीच्या शेवटच्या चढावर जळक्या रबराचा वास आला. रावजीनं डोळे मिटले. भैरूनं खटका सैल सोडला आणि पुन्हा हळूच दाबला. पट्टा टिकला.

पठारावर हेलिकॉप्टर थांबलेलंच होतं. नळीतून प्राणवायू मिळताच उमाजीनं डोळे उघडले. हेलिकॉप्टर त्याला घेऊन उडालं.

रावजी वळला. भैरूचा पांढराफटक पडलेला अंगठा खटक्यावरून सुटतच नव्हता. रावजीनं तो हलकेच सोडवला, स्वतःचा कोट उघडला आणि भैरूचा हात काखेत घट्ट धरला. बऱ्याच वेळानं भैरू कण्हला, "लई दुखतंय रे."

"दुखू दे," रावजीनं कोट त्या हातावर ओढून घेतला. "दुखतंय म्हंजे जिता हाय."