मधुरसचा चित्ररथ

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत लेझीम पथकामागून ‘मधुरस’ या पेयाचा चित्ररथ आला आणि त्यातून गोड वासाचं गार धुकं गर्दीवर पसरलं. मृणालचे डोळे भरून आले. लहानपणी ताप आला की आई उशाशी बसून मधुरसचा कप ओठांना लावायची, ते तिला लख्ख आठवलं. तिने लगेच साताऱ्याला बहिणीला फोन लावला.

“हेमाताई, तापात आई आपल्याला मधुरस द्यायची ना?”

“काहीतरीच काय. पेज द्यायची. मधुरस गेल्या वर्षी बाजारात आलंय, आईला जाऊन अकरा वर्षं झाली.”

मृणालने डोळे मिटून पेज आठवून पाहिली. आईचा हात दिसला, हिरव्या बांगड्या दिसल्या, पण हातात मधुरसचा पिवळा कपच होता. शेजारचे आजोबा डोळे पुसत बायकोला सांगत होते, “माझी आई परीक्षेला जाताना हेच द्यायची.”

नाकाला ओढणी लावून मृणाल गर्दीतून बाहेर पळाली.

“ताई, या धुक्याने माझी आठवण बदललीय. तू मला त्या पेजेबद्दल सगळं सांग.”

हेमाताई सांगू लागली. मेतकूट, तूप, पितळेची वाटी. तेवढ्यात फोनमधून ताशे ऐकू आले.

“आमच्याकडचीही यात्रा आली बघ, गॅलरीखालूनच चाललीय.”

“ताई, आत जा. खिडक्या लाव.”

“का गं? किती छान वास सुटलाय.”

“ताई, पेजेचं सांग. वाटी पितळेची होती, पुढे?”

“कसली पेज गं?” हेमाताईने विचारलं.