तळहाताची पारख

चाचणी घेणाऱ्या सनोबर-ओपा, म्हणजे सनोबरताई, जेवायला गेल्या आणि चाचणीच्या खोलीत हैदराली उस्ता एकटेच उरले.

टेबलावर दोन पट्ट्या होत्या. अर्धी पट्टी साध्या पोलादाची, अर्धी स्टेनलेसची, मधोमध वेल्डिंगचा जोड. घासून इतक्या गुळगुळीत केलेल्या, की कुणाचा हात कुठला हे खुद्द वेल्डरलाही सांगता आलं नसतं. म्हणून तर प्रत्येकीला तारेने पत्र्याचा बिल्ला बांधलेला होता. एका बिल्ल्यावर उस्तांचा क्रमांक, दुसऱ्यावर त्यांच्या शागिर्दाचा, इल्होमचा.

जेवणानंतर ओपा दोन्ही पट्ट्या प्रेसमध्ये घालून वाकवणार होत्या. जोड टिकला तर वेल्डर पास. तडकला तर त्याने आपल्या क्रमांकाचा शिक्का परत करायचा. उस्तांचा शिक्का कारखान्यातल्या निम्म्या नळांवर ठोकलेला होता.

आणि आपली पट्टी तडकणार, हे उस्तांना पक्कं ठाऊक होतं.

जाड पोलाद थंडीत तसंच जोडलं तर जोड ठिसूळ होतो. आधी ते ज्योतीने तापवायचं. खास खडू टेकवून बघायचा, तो वितळला की मगच जोडायला घ्यायचं. मंजुरीसाठी लिहिलेल्या पद्धतीत हे पहिल्याच ओळीत होतं. पण पट्ट्या जोडल्या त्या दिवशी उस्तांचं गॅसचं सिलिंडर गारठलं आणि ज्योत मरतुकडी झाली. शेजारच्या कप्प्यात इल्होमची ज्योत फुरफुरत होती. "जरा इकडे दे रे," एवढंच म्हणायचं होतं. पण ताश्कंदहून आलेले दोन साहेब बघत उभे होते, आणि उस्तांनी नुकतंच त्यांना ऐकवलं होतं, "खडू शिकाऊ पोरांसाठी, साहेब. मला माझा तळहात पुरतो."

एवढं बोलून झाल्यावर शागिर्दापुढे हात कसा पसरायचा? उस्तांनी कोमट पोलादावर तळहात ठेवला, जाणत्यासारखी मान हलवली आणि मुखवटा खाली ओढला.

तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. बायकोने विचारलं तर दाढ दुखते म्हणाले.

पट्ट्या आज सकाळी इल्होमनेच यंत्रशाळेतून आणल्या होत्या. त्याच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

"काय रे, काय झालं?"

"तार लागली," इल्होम म्हणाला. त्याने चहा ओतला आणि उस्तांनी पहिला घोट घेईपर्यंत स्वतःच्या प्याल्याला हात लावला नाही. शागीर्द झाल्यापासूनचा त्याचा हा नेम होता.

"भीती नाही वाटत?" उस्तांनी विचारलं.

"मला कसली भीती? नापास झालो तर पुन्हा परीक्षा देईन. माझं वय कुठे चाललंय?"

"आणि मी झालो तर?"

"तुमची पट्टी तडकवायला दुसरी प्रेस आणावी लागेल, उस्ता."

बाहेर लोक हेच थट्टेत म्हणायचे. इल्होम हसत नव्हता. उस्तांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता त्या रिकाम्या खोलीत इल्होमचं सकाळचं बोलणं त्यांच्या डोक्यात घोळत होतं. पोर तरुण आहे. स्वतःच म्हणाला, पुन्हा परीक्षा देईन. आपलं काय? पांढऱ्या दाढीने शिक्का परत केल्यावर मोहल्ल्याच्या चहाखान्यात कुठल्या तोंडाने बसायचं?

त्यांनी दोन्ही तारा सोडल्या आणि बिल्ले अदलाबदल करून पुन्हा बांधले. ही चोरी आहे, तीही लेकरासारख्या माणसाच्या ताटातली, असं मनात आलं. तरी शेवटचा पीळ त्यांनी घट्टच मारला.

जेवणानंतर सगळे जमले. ओपांनी आधी इल्होमचा बिल्ला असलेली पट्टी प्रेसमध्ये घातली. ती घोड्याच्या नालासारखी वाकली. ओपांनी भिंग लावून जोड पाहिला. केसाएवढीही भेग नव्हती.

"शाब्बास," ओपा म्हणाल्या.

इल्होमचा चेहरा पांढरा पडला. उस्तांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते त्या पट्टीकडे डोळे फाडून बघत होते.

मग उस्तांचा बिल्ला असलेली पट्टी आत गेली. ती अर्धीही वाकली नाही. टक्‌कन आवाज झाला आणि ती जोडाशी उकलली.

ओपा कधीकाळी उस्तांकडूनच वेल्डिंग पारखायला शिकल्या होत्या.

"शिक्का आजच द्यायला पाहिजे असं नाही, उस्ता," त्या खाली बघत म्हणाल्या. "सवडीने आणा."

उस्ता अंगणात आले. मागोमाग इल्होम आला. त्याचे डोळे भरले होते.

"रडू नकोस," उस्ता म्हणाले. "माझी कीव तर करूच नकोस. जी तडकली ती तुझी पट्टी होती."

इल्होमने डोळे पुसायला उचललेला हात खाली घेतला.

"जेवणाच्या वेळी मी बिल्ले बदलले. माझी तडकणार म्हणून तुझ्या माथी मारली. थू माझ्या जिनगानीवर. आणि दैव बघ, माझीच टिकली. आपला तळहात खोटं बोलत नाही हे मीच विसरलो होतो." बोलता बोलता त्यांची मान ताठ झाली, आणि ती झाल्याचीही त्यांना लाज वाटली. "आता आत जाऊन ओपाला सगळं सांगतो. चोर म्हणतील, म्हणू देत. कच्चा वेल्डर तर म्हणणार नाहीत. आणि तू, पोरा, पोलाद जरा नीट तापवत जा."

ते दाराकडे वळले. इल्होमने त्यांची बाही धरली. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं.

"नका जाऊ, उस्ता."

"का?"

"बिल्ले मी सकाळीच बदलले होते."