चांदीची घंटी

आमचं मालक बेचाळीस मेंढरं निस्त्या घंटीच्या आवाजावर वळखत्यात. डोंगराच्या घळीत मोबाइलचा नकाशा बंद पडतो, तितंबी कान देऊन सांगत्यात, "चांदी त्या बाभळीमागं हाय." चांदी म्हंजे त्यांची लाडकी मेंढी. तिचं नाव काढलं की माझ्या अंगाची आग हुती.

का न्हाई हुणार? गेल्या म्हैन्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन हुतं, तवा मिरजेच्या दवाखान्यात मी तळघरात चुकले. तितं ना फोन लागंना, ना नकाशा चालंना. बायको हुडकायला ह्या माणसाला दीड तास लागला!

आज सासूबाईंना परत दाखवायला आलो. निघताना मी गुपचूप चांदीच्या गळ्यातली घंटी सोडून कमरंला खोचली हुती. दवाखान्यात मुद्दाम त्याच तळघरात गेले आन् वाजवली.

एवढ्या गर्दीतनं मालक पळत जिना उतरलं आन् सरळ माझ्याम्होरं येऊन उभं ऱ्हायलं. धाप लागल्याली, डोळं भरल्यालं. मी पार इरघळले.



"अगं, घंटी हितं आणलीस? आता तिकडं चांदी चुकली, तर तिला हुडकायची कशी?"