करपलेला ग्रॅनोला

दर रविवारी अण्णांचा ग्रॅनोला करपायचा, आणि लांबच्या शहरात एकटी राहणारी लेक व्हिडिओ कॉलवर कपाळाला हात लावायची.

"दुकानातल्यात साखरच साखर असते, म्हणून घरी करा म्हटलं. खजूर घातलात ना?"

"घातला की."

"आणि ओट्स अधूनमधून हलवलेत?"

"हलवले गं. पण हा मेला ओव्हन माझ्यावर डूख धरून बसलाय." अण्णांनी काळाठिक्कर ट्रे बक्षीस मिळाल्यासारखा कॅमेऱ्यासमोर धरला. "नगरपालिकेला देऊन टाकतो, दोन गल्ल्यांचं डांबरीकरण होईल."

ती खो खो हसली. आठवड्याभरात तिच्या खोलीत हसण्याचा आवाज झाला तो एवढाच.

"पुढच्या रविवारी परत सांगशील?" अण्णांनी हळूच विचारलं.

"सांगते ना. अगदी पहिल्यापासून सांगते."

फोन ठेवून तिनं दुकानातल्या ग्रॅनोलाचं पाकीट फोडलं आणि खिडकीशी बसून एकटीच खाऊ लागली.



गल्लीच्या तोंडाशी उभं राहून, नुसत्या वासावरून "बिस्किटं झाली, काढा!" असं ओरडणाऱ्या, जन्मभर बेकरी चालवलेल्या अण्णांचे ओट्स करपतात कसे, हे मात्र तिनं कधीच विचारलं नाही.